वाचकांचे प्रश्न : भेटीची किटली आणि घरचा चहा

लग्नसराई जवळ आली की भेटवस्तूंविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांपैकी बऱ्याच पत्रांचा विषय चहाची किटली हाच असल्यामुळे ती सारी पत्रे एकत्र घेतली आहेत. किटली निवडताना दुकानातल्या नक्षीपेक्षा ती ज्या घरात जाणार आहे त्या घरचा चहा कसा होतो याचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे आणि पुढील बहुतेक उत्तरे त्यालाच धरून आहेत.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या मुलाचे लग्न मार्गशीर्षात आहे. मुलगी सिलिगुडीची असून तिच्या माहेरी दार्जिलिंगचा पानांचा चहा बिनदुधाचा पितात. तिला चिनी मातीची किटली द्यावी असे माझ्या मनात आहे, पण बहीण म्हणते, आपल्याकडे चहा पातेल्यात उकळतो, ही किटली कपाटातच बसणार. काय करावे? – एक वाचक, देवगड

तुमच्या बहिणीचे निरीक्षण खरे आहे आणि तुमची इच्छाही योग्य आहे, कारण तुम्ही दोघी दोन वेगळ्या चहांविषयी बोलत आहात. आपल्याकडे जी बारीक दाणेदार पावडर वापरतात ती सीटीसी पद्धतीची असते. यंत्राच्या रुळांतून पान चिरडून, फाडून आणि वळवून तिचे दाणे केले जातात. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात आली आणि आज देशातील बहुतांश चहा तिनेच तयार होतो. हे दाणे रंग आणि कडकपणा झपाट्याने सोडतात, त्यामुळे दूध, साखर आणि आले यांच्यापुढे त्यांची चव मरत नाही. त्यांना पातेलेच हवे. दार्जिलिंगचे अखंड पान मात्र उकळले की त्याचा सुगंध उडतो आणि तुरटपणा तेवढा उरतो. त्याला झाकणाच्या भांड्यात, गरम पाण्यात स्वस्थ मुरू द्यावे लागते आणि किटली त्यासाठीच असते. म्हणून तुमच्या भाचेसुनेला ती अवश्य द्या.

आता निवडीविषयी. घरात असा चहा पिणारी ती एकटीच असेल, किंवा फार तर नवरा तिच्यासोबत घेईल, तेव्हा ४०० ते ५०० मिलिलिटरची किटली पुरेशी आहे. सहा कपांची मोठी किटली दिसायला भारदस्त असली तरी तिच्यात कपभर चहा केला तर तो लगेच निवतो. तोटीचे टोक किटलीच्या तोंडाच्या पातळीपेक्षा खाली नसावे, नाहीतर भरतानाच चहा तोटीतून सांडतो. झाकणाला बारीक छिद्र असावे, कारण त्यातून हवा आत गेल्याशिवाय धार सलग पडत नाही. तोटीच्या मुळाशी आतून जाळी असावी. किटली कलती केल्यावर झाकण निसटू नये, यासाठी त्याला आतून खाच किंवा ओठ असावा. दुकानदाराकडे पाणी मागून एकदा ओतून पाहण्यात संकोच करू नका. धार थांबवल्यावर शेवटचा थेंब तोटीखालून ओघळून टेबलावर येत असेल तर ती किटली कितीही सुंदर असली तरी घेऊ नये. रोज टेबल पुसावे लागणारी वस्तू माणूस महिनाभरात बाजूला ठेवतो.

आणि रिकामे भांडे कुणाला देऊ नये ही आपली रीत येथे फार उपयोगी पडते. किटलीत चांगल्या दार्जिलिंग चहाची १०० ग्रॅमची पुडी आणि थोडी खडीसाखर घालून द्या. दार्जिलिंग चहाला २००४ साली भारतातील पहिले भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा पुडीवर टी बोर्डाचे दार्जिलिंगचे बोधचिन्ह आहे का ते पाहून घ्या. भेट देताना तुमच्या बहिणीलाही तेथेच बसवा आणि पहिला चहा तिच्यासमोर होऊ द्या. किटली आधी गरम पाण्याने विसळायची, माणशी दोन-अडीच ग्रॅम पान घालायचे, उकळी फुटून क्षणभर निवलेले पाणी ओतायचे, तीन-चार मिनिटे झाकून ठेवायचे आणि मग सगळा चहा कपांत काढून घ्यायचा, एवढीच कृती आहे. सासूने एकदा चव घेतली की ती किटली कपाटात जाणार नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मुलगा जहाजावर नोकरीला आहे. त्याने शांघायहून तपकिरी मातीची, मुठीएवढी, आतून-बाहेरून झिलई नसलेली किटली आणली. तिच्यात आम्ही दुधाचा चहा भरून ठेवला. आता कितीही घासली तरी तिला वास येतो. – एक वाचक, गुहागर

वर्णनावरून ती यिशिंग धर्तीची किटली दिसते. शांघायच्या पश्चिमेस जिआंग्सू प्रांतात यिशिंग हे गाव आहे आणि तेथल्या मातीच्या किटल्या मिंग राजवटीच्या काळापासून नावाजलेल्या आहेत. झिलई नसल्यामुळे या मातीत चहाचा अंश हळूहळू मुरतो आणि वापरणाऱ्यांना तेच हवे असते. म्हणून ते एका किटलीत एकाच जातीचा चहा करतात. तुमच्या किटलीत दूध मुरले आहे आणि वास त्याचाच आहे. घासण्याच्या पावडरीने तो जाणार नाही, उलट साबणाचा वासही मातीत शिरेल. किटली मोठ्या भांड्यात थंड पाण्यात बुडवून मंद आचेवर पाणी तापवा, हलकी उकळी अर्धा तास राहू द्या, पाणी बदलून एक-दोनदा पुन्हा तेच करा आणि नंतर झाकण काढून सावलीत पूर्ण वाळवा. शेवटच्या पाण्यात मूठभर कोरी चहापत्ती टाकली तरी चालेल.

ती इतकी लहान का, असेही तुम्ही विचारले आहे. त्या पद्धतीत किटली पानांनी बरीच भरतात, पाणी काही सेकंदच ठेवतात, घोटभराच्या वाट्यांत चहा ओततात आणि तीच पाने पुन्हा पुन्हा पाणी घालून सात-आठ वेळाही वापरतात. मुलगा सुट्टीवर आला की त्याच्याबरोबर बसून एकदा असा चहा करून पाहा. दूध मात्र तिला पुन्हा दाखवू नका.

प्रश्न : आमच्याकडे देवघराचे सोवळे पाळतात. बोन चायनाच्या किटलीत खरेच हाडे असतात का? – एक वाचक, दापोली

होय. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे अठराव्या शतकाच्या शेवटी जोसाया स्पोड यांच्या कारखान्यात ही कृती स्थिरावली. तिच्या मूळ प्रमाणात जवळजवळ निम्मा भाग जनावरांच्या हाडांच्या राखेचा असतो. भाजल्यावर त्या राखेचे रूप पूर्ण पालटलेले असते हे खरे, पण ज्या घरात हा विचार होतो तेथे देणाऱ्याने तो मान्य करावा, वाद घालू नये. साधे पोर्सेलिन किंवा स्टोनवेअर यांत हाडांची राख नसते. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील झिलईच्या किटल्याही सहज मिळतात. किटली उलटी करून तळाचा शिक्का वाचावा आणि शिक्का नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारावे.

प्रश्न : आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी सकाळी पेज असे, चहा नव्हता. मग चहाशिवाय पाहुणचार होत नाही ही रीत कोकणात कधी रुजली? – एक वाचक, अलिबाग

आजोबांचे सांगणे खरे आहे. ज्याला आपण परंपरा समजतो तो चहा आपल्या घरांत फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकात तर तो वादाचा विषय होता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभात चहा दिला गेला आणि मिशनऱ्यांकडचा तो चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्याचे, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे, प्रकरण उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न वर्षभराहून अधिक काळ गाजला. चहाचा एक पेला केवढे वादळ उठवू शकत होता, याची यावरून कल्पना येते.

त्या काळी आसाम आणि दार्जिलिंगचा चहा मुख्यतः परदेशी जात असे. १९०३ साली निर्यातीच्या चहावर उपकर बसवून प्रचाराचा निधी उभारण्यात आला आणि १९३०च्या दशकातील मंदीत परदेशी भाव कोसळल्यावर मळेवाल्यांनी देशातल्या गिऱ्हाइकाकडे जोराने मोर्चा वळवला. बाजारांत आणि जत्रांत गाड्या नेऊन फुकट किंवा नाममात्र दरात चहा पाजला जाई आणि रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतील मुलामा दिलेले पत्र्याचे फलक लावले जात. या प्रचारात चहा कसा करावा तेही शिकवले जाई : ताजे पाणी उकळा, किटली ऊन करा, माणशी चमचाभर पत्ती घाला, काही मिनिटे मुरू द्या. लोकांनी चहा घेतला, पण किटलीचा उपदेश बाजूला ठेवला आणि पत्ती, दूध, साखर एकाच पातेल्यात उकळली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण थोड्या पत्तीत आणि थोड्या दुधात पुष्कळ माणसांना गरम, गोड आणि दमदार पेय मिळत होते.

कोकणात चहा पोचण्याची मुख्य वाट मुंबईतून आली असावी. गिरण्यांत राबणारा मोठा वर्ग रत्नागिरी जिल्ह्यातला होता. त्या चाकरमान्याला पाळी संपल्यावर हॉटेलातला चहा सवयीचा झाला आणि सुट्टीला येताना पिशवीतून चहाची पुडी गावी आली. दूधदुभते बेताचे असल्यामुळे अनेक घरांत तो कोराच राहिला : परसातल्या गवती चहाची पात, आले आणि गूळ घातलेला. आज गणपतीत रात्री भजनी मंडळ वाडीतल्या घराघरांतून फिरते तेव्हा अभंग आणि गजर आटोपून आरती होईपर्यंत आत चुलीवर आधण चढलेले असते आणि ॲल्युमिनियमची मोठी किटली ओटीवर येते. कुणाचा कप रिकामा आहे हे किटली धरलेला मुलगा न विचारता ओळखतो. दुःखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारच्या घरून चहाची किटली येते. तेथे कुणी कुणाला आग्रह करत नाही, फक्त कप पुढे करतात. पेजेची जागा चहाने घेतली असे म्हणण्यापेक्षा, पेज घरच्यांची राहिली आणि चहा आल्यागेल्याचा झाला, असे मी म्हणेन.

प्रश्न : आजीची पितळी किटली माळ्यावर सापडली. भाचीला वास्तुशांतीला ती द्यावी का? तिच्यात चहा चालेल का? – एक वाचक, राजापूर

द्या. विकत आणलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा ही भेट मोलाची आहे. मात्र आधी तिला कल्हई करून घ्या. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कोऱ्या पितळेत चहा, आणि विशेषतः लिंबू पिळलेला चहा, ठेवला तर धातू त्यात उतरतो. कल्हईवाला भांडे तापवून नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथील लावून कापडाच्या बोळ्याने ते आतून झरझर फिरवतो आणि काळपट पितळ डोळ्यांदेखत चांदीसारखे उजळते. भाची जवळ असेल तर तिला हे काम पाहायला घेऊन जा. कथील शुद्ध हवे, शिसे मिसळलेले नको, असे आधीच सांगा आणि तोटीच्या आत कल्हई पोचली आहे का ते किटली उजेडात धरून तपासा.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कल्हईची किटली रिकामी असताना आचेवर ठेवू नये. माझ्या मते तिच्यात चहा करूच नये. पातेल्यात केलेला चहा गाळून तिच्यात भरावा, वाढावा आणि भांडे लगेच धुवावे. तार किंवा खरखरीत काथ्या वापरला की कल्हई लवकर जाते. आतून पिवळी झाक दिसू लागली की पुन्हा कल्हई करायची, हेही भाचीला सांगून ठेवा.

प्रश्न : आम्ही घरगुती निवास चालवतो. पाहुण्यांना चहा टीपॉटमधून दिला तर पहिला कप बरा, दुसरा कडू आणि थंड, अशी तक्रार येते. गुळाचा चहा केला की दूध फाटते. – एक वाचक, मालवण

कडवटपणाचे कारण भांड्यात राहिलेली पाने हे आहे. पाने पाण्यात आहेत तोवर तुरट अंश उतरतच राहतो. यावर दोन उपाय आहेत. एकतर काढता येणाऱ्या जाळीचे भांडे घ्या आणि चार मिनिटांनी जाळी बाहेर काढा. नाहीतर स्वयंपाकघरात एका भांड्यात चहा मुरवून, गाळून, गरम पाण्याने ऊन केलेल्या दुसऱ्या किटलीत भरा आणि तीच टेबलावर न्या. तिच्यावर जाड सुती टीकोझी घातली तर चहा वीस-पंचवीस मिनिटे पिण्याजोगा राहतो. अशी टोपी जुन्या गोधडीच्या तुकड्यातून घरीच शिवता येते, आणि पाहुणे ती विकत मागतात असेही घडू शकेल.

दुधाविषयी : गुळात आम्लता असते आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध नासण्याची भीती असते. चहा दुधासह पूर्ण उकळून आचेवरून उतरवावा, मिनिटभर थांबावे आणि मग किसलेला गूळ घालून ढवळावे. कच्च्या आल्यातही दूध फाडणारा अंश असतो, तेव्हा आले आणि गवती चहा आधी पाण्यात चांगले उकळावे, दूध नंतर घालावे. पाण्याकडेही लक्ष द्या. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी चहाला उत्तम, पण किनाऱ्यालगतच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात आणि ती चव चहात लपत नाही. त्या दिवसांत चहापुरते पाणी वरच्या वाडीतून आणणे श्रमाचे असले तरी करावे.

आणखी एक सूचना. पाहुण्यांसमोर फक्त विलायती धाटणीचा टीपॉट ठेवण्याचे कारण नाही. सकाळी गवती चहाचा कोरा, गुळाचा चहा किटलीतून द्या, सोबत घावन असू द्या. तुमच्या घरी रोज जे होते तेच त्यांना दुसरीकडे मिळत नाही.

प्रश्न : महाग किटली परवडत नाही. नुसती चहाची पुडी भेट देणे हलके दिसते का? – एक वाचक, रत्नागिरी

मुळीच नाही. तुमच्याच शहरात ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत नजरकैदेत होता. त्याच्या देशात चहाची पाने आंबवून खाल्ली जातात, पाहुण्यापुढे ठेवली जातात, आणि पूर्वी भांडणारे पक्ष तडजोड झाल्यावर तीच एकमेकांना देत असत. चिनी लग्नात नवरा-नवरी वडीलधाऱ्यांना चहा देऊन नमस्कार करतात आणि त्या क्षणी नाते पक्के झाले असे मानतात. या दोन्ही ठिकाणी मान भांड्याला नाही, पानाला आहे. चांगल्या बागेचा ताजा चहा, हवाबंद डब्यात, त्यावर कृतीची चिठ्ठी चिकटवून द्या. डब्याशेजारी परसातल्या गवती चहाची जुडी बांधलीत तर ती भेट कोणत्याही घरात शोभेल.

प्रश्न : पावसाळ्यात किटलीच्या तोटीत काळे डाग पडतात आणि चहा पावडरीला सुक्या मासळीचा वास लागतो. – एक वाचक, वेंगुर्ले

तपकिरी थर चहाचा असतो. रात्री किटलीत कढत पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून ठेवा, सकाळी बाटली धुण्याचा बारीक ब्रश तोटीतून फिरवा. काळे, लिबलिबीत डाग मात्र बुरशीचे असतात. किटली धुऊन झाकण लावून ठेवल्यामुळे ते येतात. झाकण वेगळे, किटली उपडी, असे ठेवून ती पूर्ण वाळवावी. वेताची किंवा बांबूची मूठ असेल तर श्रावणापर्यंत आठवड्यातून एकदा ती चुलीच्या उबेला ठेवावी.

चहाचे पान ओल आणि वास दोन्ही ओढून घेते. सुकट, बोंबील आणि गरम मसाला ज्या फळीवर असतील त्या फळीवर चहा ठेवू नये. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात महिन्यापुरतीच पावडर काढावी, बाकीची पुडी न फोडता दुसऱ्या खोलीत ठेवावी आणि डब्यात ओला चमचा कधीही घालू नये. वास लागलेली पावडर पुन्हा सुधारत नाही. ती कुंडीतल्या मातीत मिसळून टाका आणि नवी आणा.